कुणीतरी जायलाच हवं

१८ ऑक्टोबर, सकाळ
मी, तोमासिना, सांगतेय, नात लिहितेय. युलेइसी, मनचं काही घालायचं नाही, कळलं?
माझा मुलगा राडामेस आपल्या बाराओनाच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर झाला. गावाला ठाऊक आहेच, पण कागदावर असू दे. संकल्प: सामन्यांच्या भानगडीत पडायचं नाही. जेवताना एखादा शब्द, बस.

२ नोव्हेंबर
सहा सामने हरलो. दोष पिचिंग कोच एलिहिओचा. मार त्याच्याच पिचरना, चेंडू टाकणाऱ्यांना बसतो. राडामेस म्हणतो, आई, त्यानंच मला सातव्या वर्षी चेंडू धरायला शिकवलं. म्हटलं, मग नीट शिकवलं नसणार. कुणीतरी जायलाच हवं.

५ नोव्हेंबर
एलिहिओला काढलं. निरोप घ्यायला आला नि तळलेली कच्ची केळी दोन ताटं हाणली. जाताना म्हणाला, डोन्या तोमासिना, संघ कुठून चालतो ते आज कळलं. तुमच्या कढईतून. नोकरी गेल्यावरही कौतुक करायला मोठं मन लागतं. युलेइसी उगाच फिदीफिदी हसली.

२१ नोव्हेंबर
अकरा हरलो. कॅचर नेल्सिदोच्या हातांना लोणी लावलंय जणू. मी नाव घेतलं, राडामेसनं तो दुसऱ्या संघाला देऊन टाकला. बदल्यात आलेला गुडघ्यानं लंगडा. युलेइसी विचारते, आजी, हा कुणी पसंत केला? तू लिही गं, विचारू नको.

४ डिसेंबर
स्टेडियमवर गेले. मागचा माणूस सारखा ओरडत होता, ए राडामेस, जा आईकडे घरी! बघा, गावात अजून आईला मान आहे.

१० डिसेंबर, दुपार
संघाचे मालक फाउस्तो स्वतः घरी आले. कॉफीत तीन चमचे साखर. म्हणाले, आजी, आता जबाबदारी कुणावर तरी टाकावीच लागेल. म्हटलं, मी ऑक्टोबरपासून वेगळं काय सांगतेय? म्हणाले, माणूस जवळचा आहे हो. म्हटलं, जवळचा म्हणून सोडाल तर संघ बुडेल. त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, ओझं उतरवलंत.
बहुतेक बॅटिंग कोच जाणार. जाऊ दे, आळशीच आहे मेला.

११ डिसेंबर
राडामेसला काढलं. मॅनेजर एलिहिओ.
पोरगं जेवलं नाही. एवढंच म्हणालं, आई, मालक सांगत होते, तूच म्हणालीस, जवळचा म्हणून सोडू नका.
युलेइसी, खोड ते. नको. राहू दे.

१६ डिसेंबर
संघ जिंकला. रेडिओवर ऐकलं आणि सवयीनं टाळ्या वाजवल्या. राडामेस समोरच बसला होता.
एलिहिओनं त्याला हाताखाली घेतलंय, उद्यापासून. अट एकच: जेवायचं मैदानावरच, घरी नाही.
एवढं ऐकेपर्यंत केळी करपली. युलेइसी विचारते, आजी, दोष कुणाचा लिहू?
लिही, कढई जुनी झालीय.