बारवेचे सात चिरे

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनीची दोन पोलकी शिवून तयार आहेत (गळा तिनं सांगितला तसाच ठेवलाय, मला पटला नसला तरी). इकडे सगळं ठीक. हे जरा लंगडतात, ते ओघात येईलच.

माझ्या शिवणाच्या दुकानामागची बारव, म्हणजे ती पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायची असं नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी ठरवलं. मला ते रुचलं नाही. गल्लीतल्या आम्ही आठ बायकांनी तीन आठवडे गाळ उपसला. चाळिसाव्या पायरीखाली जिवंत झरा लागला. (साहेबांच्या कागदावर पायऱ्या एकतीस. खालच्या नऊ त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.)

साहेब पाहणीला यायच्या सकाळी भिंतीतलं पिंपळाचं एक रोपटं माझ्या डोळ्यांत खुपलं. हातभरही नव्हतं. हे म्हणाले, "राहू दे, आधी दादांना विचारू." पण एवढ्याशा रोपट्यासाठी पाथरवटाला काय विचारायचं, म्हणून मी पदर खोचला आणि ओढलं. मुळाबरोबर सात चिरे बाहेर आले. मी वेळेवर बाजूला झाले. हे मागे सरकताना पायरी चुकले आणि कमरेपर्यंत गाळात गेले.

नेमके तेव्हाच साहेब काठावर. भगदाड बघून म्हणाले, "विहीर धोक्याची झालीय. बुजवलेलीच बरी." मी खोचलेला पदर सोडून नीट केला. म्हटलं, "दगड आम्हीच उतरवलेत. मूळ आतून काढल्याशिवाय दुरुस्ती कशी होणार?" साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी गाळातूनच मान डोलावली (इतक्या वर्षांच्या संसारात न विचारता दिलेली ही पहिली साथ). साहेब खाली उतरले आणि झऱ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग म्हणाले, सोमवारपर्यंत भिंत नीट बसली तर बारव राहील. मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. तेव्हा काळजीचं कारण नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. भिंत एक जाणते पाथरवट लावणार आहेत, असं मी साहेबांना सांगितलंय. ते म्हणजे तू. शनिवारची सकाळची बस धर. छिन्नी-हातोडा आण, चुना मी भिजत घातलाय.

आणखी एक. कुठला चिरा कुठला, त्याचे नंबर मी शिवणाच्या खडूनं दगडांवर घातले होते. तुला स्वच्छ काम आवडतं म्हणून ह्यांनी आज सातही दगड घासून धुतले. शुक्रवारचीच बस धर.