पुढची खोली महिन्यानेच द्यावी

मी, सत्यशीला हनुमंत डांगे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार शिर्डी, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर (पेन्शनच्या कागदांवर अजून अहमदनगर आहे, बाई एकच), हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही. गोड बोलून सही घेण्याचा प्रयत्न एकदा झाला, तो पुढे सांगते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, कारण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. माझी माणसे. माझे पती हनुमंत २०११ साली वारले. एकुलता मुलगा करण, त्याची पत्नी सुरेखा आणि त्यांची मुलगी सृष्टी, वय चोवीस, नोकरीनिमित्त नाशिकला, हे माझे वारस. करण सावळीविहिरीच्या रस्त्याला स्वतःच्या बंगल्यात राहतो. माझ्या घरात मागच्या खोलीत लंकाबाई एकोणीस वर्षे महिन्याच्या भाड्याने राहते. ती हारवाल्यांकडे हार ओवते. ती माझी नात्याने कोणी नाही.

२. मिळकत. शिर्डीतील राहते घर, खाली तीन खोल्या आणि वर तीन, हे माझ्या एकटीच्या नावावर आहे. नगर भूमापन क्रमांक परिशिष्टात दिला आहे. चतुःसीमेबाबत वकिलांचे आणि माझे थोडे वाजले. जुन्या खरेदीखतात पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला शेजाऱ्यांची नावे आहेत. मी म्हटले, ती आता तिथे राहत नाहीत. वकील म्हणाले, मग कोण राहते ते सांगा. मी दारात जाऊन पाहून आले. पूर्वेला एका ‘निवास’ची पाटी आहे, पश्चिमेला एका ‘होमस्टे’ची, आणि दक्षिणेच्या दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप आहे, पाटी नाही. उत्तरेला गल्ली आहे तशीच आहे. शेवटी वकिलांनी जुनीच नावे ठेवली आणि पुढे ‘पूर्वीचे’ असे लिहिले.

३. वरचा मजला. वरच्या तिन्ही खोल्या करणने बांधल्या आणि दर्शनाला येणाऱ्यांना तो त्या रोजाने देतो. त्या मी त्याला देत आहे. त्या त्याने रोजाने द्याव्यात, मोबाईलवरून द्याव्यात, माझी हरकत नाही. आलेल्या माणसावर राग धरण्याइतकी मी कोती नाही. माझ्या सासूबाईंच्या काळीही उत्सवाला लोक आमच्याकडे उतरत. आधी पत्र येई, मग माणसे येत, आणि जाताना पोरांच्या हातावर खाऊ ठेवून जात. त्यातली दोन कुटुंबे अजून मला दिवाळीला फोन करतात. या गावाचे पोट आल्यागेल्यावरच चालते हे मला कोणी शिकवायला नको. मला एवढेच म्हणायचे आहे की, आल्यागेल्याला चहा द्यायला गावात कोणीतरी राहिलेले असावे लागते.

४. एक जुना हिशोब. खोल्यांच्या जाहिरातीत करणने लिहिले होते: गरम पाणी, वायफाय, पार्किंग, प्रेमळ आजी. मला हे वर्षभराने कळले. एका पाहुणीने मला शोधत खाली येऊन माझ्यासोबत फोटो काढला तेव्हा. त्यानंतर कोणीतरी दोन तारे देऊन लिहिले की आजी फारशा बोलत नाहीत. करणने ते मला वाचून दाखवले आणि म्हणाला, “आई, जरा हसून दार उघडत जा ना.” मी सदतीस वर्षे वर्गात हसले नाही आणि मुले शिकली. माझ्या मागे जाहिरातीतून मला काढावे, आणि माझ्या जागी सुरेखाला घालू नये. ती खरेच प्रेमळ आहे, म्हणून.

५. किरकोळ. शिवणयंत्र लंकाबाईला. पुस्तकांचे कपाट सृष्टीला. त्यातली व्याकरणाची पुस्तके तिने वाचली नाहीत तरी चालेल, रद्दीत मात्र घालू नयेत. तांब्याचा बंब सुरेखाला, तो ती नाही म्हणेल, तरी द्यावा. कानातल्या कुड्या सृष्टीला. पोस्टातील व बँकेतील शिल्लक करण आणि सृष्टी यांना निम्मी निम्मी.

६. बक्षीसपत्राचा प्रसंग. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला करण श्रीखंड आणि बक्षीसपत्राचा कागद एकत्रच घेऊन आला. सगळे घर त्याच्या नावावर करायचे होते. लंकाबाईची मागची खोलीही रोजाने लावायचा त्याचा विचार होता. मी विचारले, लंकाबाई कुठे जाईल? तो म्हणाला, “तिला मी बघतो ना. रुईला, निमगावला खोल्या मिळतात.” मी विचारले, पहाटे चारला हार ओवायला ती रुईहून कशी येणार? त्यावर त्याने श्रीखंडाचा डबा उघडला. मग म्हणाला, “आणि तसा नियम येणार म्हणतात, आई. मालक किंवा त्याच्या घरचं माणूस तिथे राहत असेल तरच रोजाने खोल्या देता येतील. तू इथेच राहा म्हणजे झालं.” मला आधी बरे वाटले. मग लक्षात आले की मला घरात नियमासाठी ठेवायचे आहे. श्रीखंड मी खाल्ले. सही केली नाही.

करण वाईट मुलगा नाही. कोरोनात मंदिर बंद होते त्या महिन्यांत वरच्या खोल्यांना कुलपे होती आणि तो हवालदिल झाला होता. तेव्हा तो रोज फोन करायचा. पण दारात उभी राहून “बाई, जेवला का?” विचारणारी लंकाबाई होती. तिचेही काम बंद होते. एक दिवस तिने पिठले केले, एक दिवस मी आमटी, असे आम्ही दिवस काढले. रोजाने येणारा माणूस वाईट नसतो, तो फक्त उद्या नसतो.

नियम कधी येईल, कसा येईल, आला तर कोण पाळील, हे मला माहीत नाही. या विषयावर झालेल्या सभेत मी बोलले होते. माझ्यानंतर बोलणाऱ्याने “बाईंच्या भावना आम्ही समजू शकतो” असे म्हटले, तेव्हा मी ओळखले की काही होणार नाही. म्हणून गावाचे गाव बघेल. माझ्या घरापुरता नियम मी इथे करते.

७. खालचा मजला. घराची मालकी माझ्यानंतर करणकडे जाईल, पुढील अटींवर. मागची खोली लंकाबाईने तिच्या हयातीपर्यंत वापरावी. भाडे तिने आज देते तेवढेच द्यावे आणि ते करणने बिनतक्रार घ्यावे. हे मी तिला सांगितले तेव्हा ती हार बाजूला ठेवून म्हणाली, “बाई, कागूद ऱ्हाऊ द्या. करनभाऊ मला काडतील का? न्हाई काडायचे.” मी म्हटले, तो नाही काढणार, पण तो विसरेल, आणि विसरलेल्या माणसाला कागद दाखवावा लागतो. मधली खोली, जिथे मी झोपते, ती सृष्टी शिर्डीला येईल तेव्हा तिची. एरवी ती बंद ठेवावी किंवा महिन्याने द्यावी.

खालच्या मजल्यावरील कोणतीही खोली एका दिवसासाठी जरी रोजाने दिली, तरी पूर्ण घराची मालकी करणकडून सृष्टीकडे जाईल. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी सृष्टीवर सोपवते. तिने मला फोनवर विचारले, “आजी, मी बाबांच्या विरोधात उभी राहायची का?” मी म्हटले, उभी राहू नकोस, नुसते लक्ष ठेव.

८. पुढची खोली. हे कलम मी तीनदा लिहून फाडले. आता चौथ्यांदा लिहिते, ते राहू द्यावे.

पुढच्या खोलीत सहादेव अकरा वर्षे राहिला. तो पेढ्यांच्या दुकानात कामाला होता. तो, त्याची बायको आणि मुलगी दिशा. दिशा जिन्याखाली बसून पाढे म्हणायची आणि चुकली की मी आतून दुरुस्त करायचे. आमच्या गल्लीत एक पद्धत होती. रामनवमीला गर्दी होते तेव्हा भाडेकरू तीन-चार दिवस गावाकडे जात आणि मालक तेवढे दिवस त्यांची खोली यात्रेकरूंना देत. भाडेकरूला त्या महिन्याचे भाडे माफ असे. दोघांचेही भागे, कोणी मनावर घेत नसे.

२०१७ च्या रामनवमीला करण म्हणाला, या वेळी आपणही देऊ. मी सहादेवला विचारले. तो म्हणाला, “चारच दिस ना बाई? मंग काय. आमी सासुरवाडीला जातो कोपरगावला.” त्यांनी भांडी पोत्यात बांधली आणि गेले. चार दिवसांनी पुढच्या चार दिवसांचे बुकिंग आले. मग सुट्ट्या लागल्या. मग करणने भिंतीला रंग दिला आणि पलंग आणला. सहादेवने दोनदा फोन केला. पहिल्यांदा मी म्हटले, आठवडाभर थांब. दुसऱ्यांदा मी फोन उचलला नाही. दिशाची चौथीची वार्षिक परीक्षा त्याच महिन्यात होती आणि मी शिक्षिका होते. ती परीक्षेला कोपरगावहून आली की आलीच नाही, हे मी कधी विचारले नाही.

हे करणने केले असे मी आठ वर्षे म्हणत आले. खोली माझी होती, फोन माझा होता. मला याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात मी कोपरगावला गेले. पुढची खोली सहादेवच्या नावे हयातीपर्यंत लिहून देण्याचा माझा विचार होता. तो घरीच होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, “चार दिस म्हनलं हुतं तुमी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्याने चहा ठेवायला सांगितला. खोलीचे सांगितले तेव्हा म्हणाला, “आता न्हाई जमायचं, बाई. हितं बस्तान बसलंय. दिशा हितंच नर्सिंगला हाय. ती खोली दुसऱ्या कुनाला द्या, लेकरं असलेल्याला.” मी म्हटले, मग तुझ्यासाठी मी काय करू? तो म्हणाला, “काय न्हाई. साक्षीदार लागंल ना कागदाला? ज्याला काय मिळायचं न्हाई, त्योच साक्षीदार चालतो म्हनत्यात. मी यीन सही करायला.”

म्हणून पुढची खोली महिन्यानेच द्यावी. शिर्डीत कामाला असणाऱ्या, शाळेत जाणारी मुले असणाऱ्या कुटुंबाला द्यावी. उत्सवात, सुट्टीत, नाताळात, एक दिवसही ती रिकामी करून मागू नये. यासाठी मी मरण्याची वाट पाहायचे कारण नाही. तिथले सध्याचे पाहुणे उद्या सकाळी दहाला गेले की खोली रोजाने देणे बंद होईल. करणला मी तसे आजच कळवले आहे. त्याने फोन ठेवला नाही, एवढे नोंदवते.

दुसऱ्या साक्षीदारासाठी मी गल्लीत फिरले. महिन्याने किंवा मालकीने राहणारे एकही मोठे माणूस मला सापडले नाही, लंकाबाई सोडून, आणि तिला या कागदातून मिळते म्हणून ती चालत नाही. वकिलांनी आपला कारकून देऊ केला. मला पैसे देऊन आणलेला साक्षीदार नको होता. शेवटी पुढच्या खोलीतल्या पाहुण्यालाच विचारले. तो भला मुलगा आहे. त्याने संपूर्ण कागद लक्ष देऊन ऐकला, आठवे कलमही, आणि मग पेन मागितले.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर.

ठिकाण: शिर्डी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

सही
सत्यशीला हनुमंत डांगे

साक्षीदार
१. पार्थ जयेशभाई देसाई, वय २९, राहणार सुरत. आजचा मुक्काम: पुढची खोली, डांगे यांचे घर, शिर्डी. उद्या सकाळी दहापर्यंत.
सही

२. सहादेव भागवत शेळके, वय ४६, हल्ली राहणार कोपरगाव. आधार कार्डावरील पत्ता, अजून बदललेला नाही: पुढची खोली, डांगे यांचे घर, शिर्डी.
सही