मागे न येणारी घरगाडी

प्रिय केझायावन्सं,

तुम्हाला आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना डोरकसचा नमस्कार. उजवा गुडघा पाऊस आधी सांगतो आणि डावा नुसता कुरकुरतो, असं तुम्ही नाताळात म्हणाला होतात. डाव्याला आता तरी काही अक्कल आली का? मांजराची चौकशी करत नाही, त्याला काय धाड भरली आहे. इकडे टॉन्टनला मी ठणठणीत आहे. डॉक्टर वेगळं सांगतात, पण त्यांना स्वतःला धड जिना चढता येत नाही.

पत्रास कारण घरगाडी. तीच, तुमच्या धाकट्या भावानं, अँब्रोजनं, चौतीस साली आमच्या परसात स्वतःच्या हातांनी बांधलेली कॅरव्हान. अँब्रोजला जाऊन वर्ष होत आलं, आणि आमचे जावई नॉर्मन यांना आता तिच्यात कोंबड्या ठेवायच्या आहेत. "सासूबाई, दार आहे, खिडक्या आहेत, पायऱ्या आहेत. कोंबडीला आणखी काय लागतं?" हिल्डासुद्धा (पोटची पोर!) मान डोलावते. मी सांगितलं, या गाडीत अंडी उकडली जातील, घातली जाणार नाहीत. गाडी चालती आहे आणि या उन्हाळ्यात ती डेव्हनच्या समुद्राला जाणार आहे. त्यावर नॉर्मन हसत म्हणाले, "जाऊन दाखवा, मग कोंबड्यांचं नाव काढणार नाही." आता त्यांना ते नाव सोडावंच लागेल, कारण मी जाणार आहे.

वन्सं, ती गाडी म्हणजे अँब्रोजच आहे. बुटकी, रुंद, आणि पावसात जरा जास्त बोलणारी. प्रार्थनाघरानं जुनी बाकं काढून खुर्च्या आणल्या तेव्हा त्यानं ती बाकं उचलून आणली आणि त्यांचे पलंग केले. (खालच्या पलंगावर अजून 'वडीलधाऱ्यांसाठी राखीव' अशी पितळी पट्टी आहे, तिच्यामुळे मला तिथे कधी गाढ झोप लागली नाही.) खिडक्या मोडीतल्या ट्रामच्या. कपाटं त्यानं फार प्रेमानं केली, फक्त त्यांना कड्या लावायचं राहिलं. त्यामुळे उजव्या वळणाला बशा बाहेर यायच्या आणि डाव्या वळणाला मुरंबा. पुढे पुढे आम्ही नकाशात रस्ते नव्हे, वळणं बघायला लागलो.

आणि दुसरं, जे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं: अँब्रोजला घरगाडी जोडलेली असताना मोटार मागे घेता येत नसे. मोटार डावीकडे जाई, गाडी उजवीकडे, आणि तो मध्ये घामाघूम. म्हणून आमच्या सगळ्या सहली गोल असत. लोक विचारत, तुम्ही आल्या वाटेनं कधीच कसे परतत नाही? अँब्रोज म्हणे, तेच तेच बघण्यात काय मजा!

छत्तीस सालच्या त्या गल्लीचं मी आज पहिल्यांदाच सांगते आहे, कारण तुम्ही तेव्हा घरगाडीत डोकं धूत होतात. (चालत्या गाडीत बसू नका म्हणून मी विनवलं होतं. असो.) रस्ता एका छकड्यापुरता, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं, आणि समोरून आली बस. आपली रीत साऱ्यांना ठाऊक आहे: ज्याच्या पाठीशी रुंद जागा जवळ, त्यानं मागे जायचं. जागा आमच्या अगदी पाठीशी होती. अँब्रोज उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "नाही नाही, आधी तुम्ही."

"अहो साहेब, जागा तुमच्या मागे आहे!"

"असेल. पण तुम्हाला घाई असेल. तुम्ही आधी मागे जा."

"घाई असलेला माणूस मागे कशाला जाईल?"

मग दोघं हवेबद्दल बोलले. गवत यंदा चांगलं आहे यावर एकमत झालं. आपले पुरुष मरतील, पण 'मला येत नाही' म्हणणार नाहीत. बसमध्ये सहलीला निघालेली प्रार्थनाघराची गायकमंडळी होती. मी त्यांना चहा दिला, तरी अँब्रोज आणि बसवाला टोप्या हातात धरून तिथेच. शेवटी एक जाड्या गवई म्हणाला, बंधूंनो, ढकलूया. त्यांनी घरगाडी सोडवली आणि एका सुरात, अंत्ययात्रेचं भजन म्हणत (दुसरं कुठलंच तितकं संथ नव्हतं), मागे ढकलत नेली. तुम्हाला वाटलं आपण निघालो. केसांना साबण, अंगात अँब्रोजचा पायजमा, अशा तुम्ही वरचं अर्धं दार उघडून बाहेर डोकावलात, तो समोर अख्खी गायकमंडळी. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुढच्या स्टेशनावर ओल्या केसांनी आगगाडीत बसलात आणि 'या पेटाऱ्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही' म्हणालात. बावीस वर्षं शब्द पाळलात. मला त्याचं कौतुक आहे.

तर असं आहे. कळवावं म्हणून कळवलं, मागणं काही नाही. गुडघ्यांना जपावं.

तुमची भावजय,
डोरकस

ता. क. वरचा पलंग रिकामा आहे. छपराला मी डांबर लावून घेतलं आहे आणि कपाटांना कड्या बसवल्या आहेत. खरं सांगायचं तर मला रस्त्याची भीती नाही, वन्सं. संध्याकाळी गाडी थांबवून किटली ठेवली की हात आपोआप दोन कप काढतो, त्याची आहे. दुसरा कप पिणारं माणूस अँब्रोजला ओळखणारं असावं. अशा आता तुम्हीच उरलात.

पुन्हा ता. क. नकार कळवण्याची तसदी घेऊ नये. पत्र पोचेल तोवर मी निघालेली असेन. गुरुवारी चहाच्या वेळेला तुमच्या गावात येते. तुमच्या गल्लीत शिरता येणार नाही, ती पुढे बंद आहे, आणि गाडी मागे घ्यायला मला तरी कोण शिकवणार होतं? तेव्हा पिशवी घेऊन हमरस्त्यावर उभ्या राहा. दिसला नाहीत तर डार्टमूरच्या अख्ख्या माळाला वळसा घालून पुन्हा येईन, दिवस मावळेपर्यंत येत राहीन, आणि शुक्रवारी पुन्हा सुरू करीन. शेजारणी विचारतील, ही कोण बाई गावातून फेऱ्या मारते आहे? भावजय आहे, हे तुम्हालाच सांगावं लागेल.