पत्ता सुनीलचा, गुडघे कापड्याचे

महाड, ७ जानेवारी २०२५

ती. येसूआत्यास दर्शनाचा सा. न. वि. वि.

काल अलिबागच्या ग्राहक आयोगात आपल्या तक्रारीची तारीख झाली. गुडघेदुखी घालवणाऱ्या चुंबकाच्या गादीत चुंबकच नाही, हे सांगायला मी तुमची वकील म्हणून उठले; पण गादीपर्यंत कुणी पोचलंच नाही. कंपनीचे वकील म्हणाले, तुम्हा एकतीसही जणांच्या बिलांवर मुंबईचे पत्ते आहेत, तक्रार मुंबईला न्या. तुझ्या बिलावर सुनीलची विक्रोळीची खोली! बिलं न पाहताच मी तक्रारीत सगळ्यांच्या नावांपुढे आपलं गाव कापडे लिहिलं. चूक माझी.

मुंबईला तारखांना तुमच्यातलं कोण जाणार? तक्रार तिथंच संपेल. तरी खोटं मी लिहिणार नाही. वर्षातले किती दिवस सुनीलकडे असतेस, खरं कळव. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
दर्शना

कापडे, १२ जानेवारी

चि. दर्शनास आत्याचे अनेक आशीर्वाद. मी सांगतेय, अंगणवाडीच्या नीलाबाई लिहितायत.

पत्ता विचारला की आमी पोराचा सांगतो गो. कागदाला उत्तर देणारा तिथं ऱ्हातो. रावजींनी तर नातजावयाचा दिला. गणपतीनंतर पंधरा दिवस मी जाते, तेवढ्यात पाय सुजतात. कॉलेज शिकलीस नि मला विचारतेस मी ऱ्हाते कुठं? माझ्या कोंबड्यांना विचार.

गादी विकणारा मुंबईत नाय, वाडीत आला होता. डोक्यावर गादी घेऊन चढला नि दमून तिच्यावरच झोपला. मग कंपनीनं फाट्यावर सिमेंटचा बाक दिला. त्यावर कोरलंय, कापड्यातील आमच्या लाडक्या ग्राहकांस सप्रेम भेट. खाली कंपनीचं नाव हाय. मुरादभाईंचा टेम्पो सांगितलाय. बाक घेऊनच येतो.

पोटाला वेळेवर खा.

तुझी आत्या

महाड, ४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

फोटो पुरला असता, हे मी तीनदा कळवलं होतं. असो. काल तुम्ही चहाला गेलात नि आदेश झाला: तक्रार अलिबागलाच चालणार! अध्यक्षबाईंनी वकिलांनाच बाकावरचं मोठ्यानं वाचायला लावलं. 'लाडक्या'पाशी त्यांचा आवाज बसला. तुझे मुंबईचे पंधरा दिवसही मी सांगून टाकले, राहवेना. बाई म्हणाल्या, तो पाहुणचार.

एक सांगायला धीर होत नव्हता. बाक पुरावा म्हणून जमा झाला. निकालापर्यंत फाट्यावर तुम्हाला एसटीची वाट उभ्यानंच पाहावी लागेल. रावजीकाका म्हणाले म्हणे, तिथं गादी टाकू. कृपा करून टाकू नका. तीही पुरावा आहे.

रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी,
दर्शना