तोंडात गूळ धरून केलेला भाडेपट्टा

अब्बा, तुमच्या त्या दोन खोल्यांची मुदत संपत आली आहे. उद्या मालकांच्या मुलाबरोबर रजिस्टर कचेरीत जायचं आहे, पट्टा पुढं वाढवून घ्यायला. तो वाढला नाही तर अम्मीला या वयात घेऊन कुठं जायचं, मला ठाऊक नाही. काम सरळ आहे असं सगळे म्हणतात. तुमची मुलगी असल्यामुळे मला त्या सरळपणाचीच धास्ती वाटते. चार दिवस झाले, तो मसुदा मी उजेडाकडे धरून बघतेय. कल्हई केलेलं पातेलं तुम्ही असंच फिरवून बघायचात, कुठं काळं राहिलंय का म्हणून.

मालक आठवतात ना? विसराल कसे! खाली तुमचं कल्हईचं दुकान, वर आपण, आणि सगळी इमारत त्यांची. गुऱ्हाळ सुरू झालं की ते गावाकडून गुळाची छोटी ढेप घेऊन यायचे, भात्यासमोर उकिडवे बसायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय भाई, तब्येत काय म्हणत्या?" तुम्ही "एक नंबर" म्हणायचात आणि ते वळले की नवसागराच्या धुरानं खरवडलेली छाती धरून जिन्यात खोकत बसायचात. "इचारतोय बघ कसा गोड," तुम्ही मला सांगायचात, "म्हातारा माझा खोकला मोजाय येतोय." त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "तुमी हाईसा तवर ऱ्हावा की खुशाल. कागद कशाला नाचवायचा?" तुमी हाईसा तवर! त्या शब्दांनी तुमची झोप उडाली. तुम्ही गेलात की अम्मीला आणि मला बोचकं घेऊन जिना उतरावा लागणार, एवढंच तुम्हाला त्यात ऐकू आलं. मग तुम्ही हट्टालाच पेटलात. वीस वर्षांचा पट्टा हवा, रजिस्टर केलेला, आणि तुमच्यामागं तो वारसांना चालेल असं त्यात लिहिलेलं हवं. मालक हो म्हणाले. लगेच हो म्हणाले, म्हणून तुमचा संशय आणखी वाढला.

सहीच्या त्या दिवशी कचेरीत मी तुमच्याबरोबर आहे, कारण घरात नीट वाचता येणारी मी एकटीच. खोकला ऐकला तर म्हातारा पेन खाली ठेवील, अशी तुमची खात्री. म्हणून तुम्ही त्यांच्याच ढेपेतला एक मोठा खडा गालात धरला आहे, तो विरघळला की मुठीतला दुसरा. कारकून नाव विचारतो. तुम्ही ओठ घट्ट मिटता. "ओ, तोंडातला तोबरा थुकून या आधी," तो खेकसतो. तुमचे डोळे पाण्यानं भरलेले, गळ्याची शीर तट्ट फुगलेली, आणि तोंड उघडलं की सगळं बाहेर पडणार हे मला दिसतंय. तेवढ्यात मालक म्हणतात, "ऱ्हाऊ द्या सायेब, दाढ दुखत्या त्यांची. नाव म्या सांगतो." कबूल आहे का विचारल्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत आणि सही केलीत. बाहेर पडून, लांब जाऊन, मनसोक्त खोकून झाल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "माझी दाढ दुखत्या असं त्यानं का सांगितलं? काय तर हाय ह्यात." मला हसू आवरेना, तर तुम्ही माझ्यावरही डोळे वटारलेत.

पुढचं गुऱ्हाळ तुम्ही पाहिलं नाहीत. मयतीनंतर मालक आले, बंद दुकानाच्या फळीला हात लावून उभे राहिले. मला म्हणाले, "पोरी, त्या दिशी मूठ चिकाट झालती बघ त्यांची. सही करताना कागदाला गूळ लागलावता." एवढंच. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी त्यांनी सही केली होती. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही, अब्बा. मी तुमच्या डोळ्यांनी बघत होते. वाटलं, खोल्या बघायला आलाय. त्यांची नजर वर जिन्याकडे जाते का, तेवढंच मी टिपत राहिले. माणूस चांगला होता हे मला फार उशिरा पटलं, तेही ते गेल्यावर. अजून कधी कधी पटलेलं पुन्हा सुटतं.

आता त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून येतो. परवा दारात उभा राहिला, हातात फडक्यात बांधलेली ढेप, आणि म्हणाला, "काय आक्का, तब्येत काय म्हणत्या?" "एक नंबर," मी म्हटलं. तो गेल्यावर अम्मीनं विचारलं, पोराला चहा का नाही दिलास? तुमचा हा संशयी स्वभाव मला लहानपणी नकोसा व्हायचा. पण एवढी वर्षं आम्ही दोघी या छपराखाली निवांत झोपलो ती तुम्ही त्या दिवशी दाबून धरलेल्या खोकल्यावर, हे मी कधी विसरले नाही. उद्या कचेरीतल्या त्या बाकावर तुम्ही शेजारी हवे होतात.

हे पत्र पाठवायचं कुठं? पेटीत ठेवलं तर कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणून सकाळी चुलीत घालीन. एक तेवढं तुम्हालाच सांगते. मला खोकला नाही, छाती ठणठणीत आहे. तरी मघाशी ती ढेप फोडली आणि एक खडा पदराला बांधून ठेवलाय.