चिठ्ठीशिवाय नाही

आप्पा, तुमचा शब्द मी मोडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे ही पोरगी मुद्द्यावर कधी येतेय म्हणून तुम्हाला ताटकळायला नको. धाकट्या काकांना मी औषध दिलं नाही. शेवटच्या आजारात खाटेवर पडल्या पडल्या माझा हात धरून तुम्ही म्हणाला होतात, "मेडिकल चालव नाहीतर विक, पण माज्या भावाला औषधाला कदी न्हाय म्हनू नको. मागावर सूत गिळून गिळून त्याची छाती गेलीय." मी मान हलवली. मरणाऱ्या माणसापुढं दुसरं काय करणार होते? पण मान हलवणं म्हणजे कबूल करणं, असं मी मानत नाही. तुम्हाला राग आला तर येऊ द्या.

तुमचं दुकान मी विसरलेले नाही. शेजारी पावरलूमचा खडखडाट चालू आहे, पाळी सुटली की भुवयांवर सुताची धूळ घेऊन माणसं येतात, आणि प्रत्येक जण खोकतो. तुम्ही काउंटरमागं स्टुलावर बसलेले. पोरांचं टोळकं आलं की विचारणार, "खोकला कुनाला हाय?" पोरं म्हणणार, आईला. "मग आईला घिऊन या की." मोठ्या माणसाला म्हणणार, "खोक बघू." कान देऊन ऐकणार, आणि पटलं तरच बाटली काढणार. सीलही तुम्हीच फोडायचं आणि पहिलं टोपणभर औषध गिऱ्हाइकानं तुमच्यासमोर प्यायचं, कारण फोडलेली बाटली बाहेर कुणी विकत घेत नाही. खोकल्याच्या त्या औषधात अफूचा अंश असतो, नशेसाठी ते नेणाऱ्यांवर हा तुमचा तोडगा होता, आणि मला त्याचा केवढा तोरा होता. एकदा ड्रग इन्स्पेक्टर आला, चहा प्यायला आणि डॉक्टरची चिठ्ठी बघूनच हे औषध देत जा म्हणाला. तो वळला नाही तोच तुम्ही म्हणालात, "सरकारला चिठ्ठी कळती. मला मानूस कळतो." मी हसले होते.

पण तुम्हाला माणूस कळत नव्हता, आप्पा. खोकला कळत होता. तुम्ही आयुष्यभर खोटा खोकला शोधत बसलात, आणि आपल्या गल्लीत खोटा खोकला होताच कुठं? मागावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची छाती खरंच वाजायची. काकांचीही वाजायची. पहिलं टोपण ते तुमच्यासमोर प्यायचे आणि उरलेली बाटली कारखान्यामागच्या बोळात रिकामी करायचे. ढास खरी होती आणि चटकही खरी होती, दोन्ही एकाच छातीत. काकू एकदा पदर तोंडाला लावून सांगायला आली, "दादा, औषधाबिगर ह्यांस्नी झोपच न्हाय. आन औषध घेतलं की मानसात न्हाईत." तुम्ही म्हणालात, "खोकल्यानं झोप कशी लागंल?" आणि तिच्याच हातात आणखी एक बाटली दिलीत. तिनं ती घेतली. थोरल्या दिराशी वाद कोण घालणार? तिचं ते तोंड मला अजून दिसतं, आणि अजून माझं डोकं फिरतं.

डी. फार्मसी करून मी तुमच्यामागं बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा काकांना माझी गरज नव्हती. हे औषध निमूट देणारी दुकानं शहरात पुष्कळ होती. मग कडक तपासण्या सुरू झाल्या, दोन-चार दुकानांना टाळं लागलं, उरलेल्यांनी धसका घेतला. आणि ऐन मे महिन्यात, भर दुपारी, काका माझ्या काउंटरवर आले. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, एवढ्या उन्हात अंगावर काटा. "दे की गं एक बाटली," म्हणाले. मी म्हटलं, चिठ्ठीशिवाय नाही. "घरातल्याला कसली चिठ्ठी? तुज्या बापानं कदी मागितली न्हाय." मी म्हटलं, "म्हणून तर तुमची ही गत झाली, काका." त्यांनी काउंटरवर हात आपटला. मग दुकानातल्या चार माणसांसमोर म्हणाले, "तुजा बाप मानूस हुता. तू सरकार हायस."

असू दे. सरकार तर सरकार. संध्याकाळपर्यंत आत्याचा मोहोळहून फोन, आतेभावांचे फोन, बापाचा शब्द पायदळी तुडवलास म्हणून. एकानंही विचारलं नाही की काका कसे आहेत. आणि नियमाची आरती मीही ओवाळत नाही. मजुराची पाळी पहाटे सुरू होते आणि डॉक्टर दहाला उगवतो. चिठ्ठीसाठी दिवसाची मजुरी बुडवायची कुणी? नियमात बाटली देऊ नका एवढंच सांगितलंय. बाटली न मिळालेला माणूस समोर थरथरत उभा राहिला तर त्याचं काय करायचं, ते मला कुठल्या इन्स्पेक्टरनं सांगितलं नाही. हे फोन संध्याकाळचे, त्याआधी दुपारीच मी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, शटर ओढलं, काकूला बोलावलं आणि काकांना दोघींच्या मधे बसवून रिक्षा सिव्हिल हॉस्पिटलला नेली. वाटेत त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या, त्या तुम्ही ऐकल्या असत्या तर भावाच्या थोबाडीत मारली असती. व्यसनाच्या वॉर्डात ते माझ्याकडं पाठ करून निजले. मी रोज डबा नेत होते. तो उघडायचे, जेवायचे आणि पुन्हा पाठ करायचे.

आता घरी आहेत. छाती वाजतेच, ती काही नवी मिळणार नाही. चिठ्ठीवर लिहिलेला दम्याचा पंप ओढतात. कट्ट्यावर बसतात, मी गेले की तोंड फिरवतात, डोकेदुखीची गोळीसुद्धा चौकापलीकडच्या दुकानातून आणतात. काकू मात्र येते. परवा म्हणाली, "शिव्या देतेत तुला. पर झोपतेत आता." मला तेवढं पुरे आहे. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, आणि तुमच्या फोटोसमोर उभं राहून म्हणेन.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. नातेवाइकांपुढं ती मी कधी बोलणार नाही. त्या दुपारी तुम्ही दुकानात असता आणि नुसतं माझ्याकडं बघितलं असतंत, तर मी मुकाट्यानं बाटली काढून दिली असती. तुम्ही नव्हतात, म्हणून काका वाचले.