रस्ता वर गेला

प्रिय धाकट्या,

फोनवर तू विचारतोस, "सगळं ठीक ना?" आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. अण्णा शेजारीच बसलेले असतात, त्यांच्यासमोर दुसरं काय बोलणार? आत्ता त्यांचा डोळा लागलाय, म्हणून लिहायला बसले.

महामार्ग रुंद करतायत हे तुला ठाऊक आहे. पण पुढच्या पुलावर चढण्यासाठी आपल्या दारासमोर तो उंचही होतोय. म्हणजे पुढच्या खिडकीसमोर भिंतच. आधी काँक्रीटच्या जाड फळ्यांची रांग उभी केली, तिच्या मागे लांबलचक पोलादी पट्ट्या आडव्या अंथरल्या, त्यांवर माती, मातीवर रोलर. मग पुन्हा फळ्या, पुन्हा पट्ट्या. रोलर फिरला की आपली भांडी फडताळात थरथरतात. कामावरची इंजिनीअर मुलगी पाणी प्यायला येते, तिने समजावलं, वरून मातीचं ओझं जितकं जास्त, तितक्या पट्ट्या घट्ट धरल्या जातात, म्हणून भिंत जागची हलत नाही. मी म्हटलं, "बाई गं, मग आमच्या घरात या पट्ट्या कुणी टाकल्या?" ती हसली. मीही हसले. आता भर दुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागते.

अण्णांनी जन्मभर ट्रक चालवला. खिडकीत बसून नुसत्या हॉर्नवरून गाडी ओळखायचे, त्यात त्यांचा दिवस जायचा. हल्ली माणसं विसरले, पण हॉर्न विसरले नव्हते. आता रोज सकाळी विचारतात, "रस्ता कुठे गेला?" मी सांगते, "वर गेला." ते म्हणतात, "आपल्याला न घेता?"

गेल्या आठवड्यात मी आंघोळीला गेले आणि दाराला कडी घालायची राहिली. बाहेर येते तो खुर्ची रिकामी. तशीच ओल्या केसांनी धावले. रोलर थांबलेला, भरावावर माणसं गोळा झालेली, आणि अण्णा बनियनवर, रोलरपुढे हात आडवा करून उभे. ड्रायव्हरला म्हणत होते, "मला पुढच्या नाक्यापर्यंत सोड रे. घरी पोर वाट बघतेय." पोर म्हणजे मी. त्या इंजिनीअर मुलीने त्यांचा हात धरून हळूहळू उतारावरून खाली आणलं. मला म्हणाली, "काकू, तुम्ही स्वतः शेवटचं कधी बाहेर पडलात?" मला खरंच आठवेना रे.

तेव्हापासून दाराला आतून कुलूप घालते, किल्ली गळ्यात ठेवते. अण्णा दार हलवून बघतात. परवा माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्हालाही इथे कोंडलंय का?"

तर ऐक. माझ्या जुन्या इस्पितळात मला नर्स म्हणून परत घेतायत, राहायला खोलीही आहे. रविवारी मी अण्णांना घेऊन तुझ्याकडे येतेय. विचारत नाहीये, कळवतेय. तुझ्या बायकोशी बोलून घे. ती वाईट नाही, तूच तिला अण्णांबद्दल कधी खरं सांगितलं नाहीस. औषधांचं मी समजावून देईन. फक्त परत निघताना मी दारात रडत उभी राहिले, तर मला "थांब" म्हणू नकोस. तू म्हणालास तर मी थांबेन.

तरीही तुझीच,
ताई